मशीनची रेघ आणि पप्पांचे हात

माझ्या पप्पांचं एका मशीनवर प्रेम आहे आणि हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. आई तर उघड म्हणते, "जा बाबा, सवत वाट बघत असेल." पप्पा हसतात, डबा उचलतात आणि पावणेनऊला नवघरच्या घरातून बाहेर पडतात. गेली एकवीस वर्षं.

मशीनचं नाव जीसी. म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ, पण तेवढं लांब कोणी बोलत नाही. भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन गाळे जोडून केलेली धर्मेशभाईंची लॅब आहे, तिथे ती असते. हो, "ती". पप्पा मशीनला ती म्हणतात, मग आम्हीही म्हणतो. कोणाच्या खाद्यतेलात सॉल्व्हंट उरलाय का, कोणाच्या थिनरमध्ये भेसळ आहे का, हे ती सांगते. तिच्या पोटात मुगाच्या डाळीएवढी एक ज्योत असते, हायड्रोजन आणि हवेवर जळणारी. सॅम्पलचा एक थेंब सुईने आत सोडायचा. तो वाफ होऊन केसासारख्या बारीक, तीस मीटर लांब नळीतून जातो आणि त्यातले पदार्थ एकेक करून ज्योतीपाशी पोचतात. जो पोचतो तो जळतो आणि कॉम्प्युटरवरची रेघ उंच उडी मारते. कोणीच आलं नाही की रेघ आडवी, गपगार. तिला म्हणतात बेसलाइन.

"बेसलाइन सरळ, तर पुढचं सगळं खरं," पप्पा म्हणतात. "ती वाकडी असेल तर तुझी उडी किती उंच हे कुठून मोजणार?"

तर नोव्हेंबरपासून ती वाकडी झाली होती.

सकाळी मशीन चालू केलं की थोडा वेळ बरं, मग साडेदहाच्या सुमारास रेघ हळूहळू वर चढायची, फुगायची, थरथरायची, आणि दुपारपर्यंत उतरायचं नाव नाही. पप्पांनी काय काय केलं! रबराची चकती बदलली. नळीचं टोक कापलं. नळी रात्रभर तापवून स्वच्छ केली. ज्योतीचं तोंड काढून बारीक तारेने घासलं. नायट्रोजनचा सिलिंडर बदलला. अर्थिंगवाल्याला बोलावलं. हवेच्या लाइनवरचा कोळशाचा फिल्टर बदलला तेव्हा आठ दिवस रेघ झोपली, पप्पांनी घरी येताना जिलबी आणली, आणि नवव्या दिवशी पुन्हा तोच डोंगर. आईने उरलेली जिलबी डब्यात झाकून ठेवली.

मग डिसेंबरात आत्याच्या मुलाचं लग्न आलं. तारोडीला. आमच्यात हळद म्हणजे काय ते आमच्यातल्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून पटायचं नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार, पप्पांनी तीन दिवस रजा टाकली. एकवीस वर्षांत सलग तीन दिवस पहिल्यांदाच. त्या तीन दिवसांत मशीन सांभाळलं रोहितने. रोहित म्हणजे लॅबमधला नवा केमिस्ट, एमएस्सी, दोन वर्षं झाली त्याला. वाईट नाही हां तो. पण त्याच्या केसांना जेवढं जेल लागतं तेवढं तेल आमच्या घराला महिनाभर पुरेल.

आणि बुधवारी रेघ सरळ आली.

गुरुवारी पप्पा परतले. शुक्रवारी पुन्हा डोंगर.

गुरुवारीच धर्मेशभाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं. धर्मेशभाई वाईट माणूस नाहीत, म्हणून तर जास्त लागलं. ते म्हणाले, "महिपतभाई, बुरा मत मानना. तुम्ही नव्हता तेव्हा मशीन एकदम बराबर. पन्नाशी आली, हात थोडा हलतो, नॉर्मल आहे. सोमवारपासून मशीनवर रोहित बसेल. तुम्ही सॅम्पल कलेक्शन बघा. काशीमिरा, वसई. स्कूटर लॅबची."

पप्पांनी हे त्याच रात्री घरी सांगितलं तेव्हा भाकरीचा तुकडा हातातच होता. तो त्यांनी खाल्ला नाही, ठेवलाही नाही.

"पण हात हलतात का तुमचे?" मी विचारलं. आईने डोळे वटारले.

पप्पांनी दोन्ही हात ताटावर धरले. आम्ही सगळ्यांनी बघितले. जराही हलत नव्हते.

"मग?"

"मग काय, बाय. पुरावा रोहितकडं हाय. मी नसतो तेव्हा रेघ सरळ. मी असतो तेव्हा वाकडी." एरवी पप्पा घरातसुद्धा लॅबसारखं पुस्तकी बोलतात, पण मन दुखलं की गावची भाषा आपोआप बाहेर येते. "मी पण भाईंच्या जागी असतो तर हेच बोललो असतो."

मला इतका राग आला की मी उठून उभीच राहिले. नाताळची सुट्टी चालू होती. मागच्याच महिन्यात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी सहाशे पोरांसमोर माइकवर बोलले होते, जी मी आठवीपर्यंत हजेरीला "प्रेझेंट" पण पुटपुटायचे. तेव्हापासून मला वाटायला लागलंय की काहीही असो, विचारून बघायला काय जातं.

"उद्या मी येणार लॅबमध्ये," मी म्हटलं. "तुम्ही काय काय करता ते सगळं लिहिणार. वेळ टाकून. रोहितदादा जे करत नाही आणि तुम्ही करता, असं काहीतरी एक असणारच. तुम्हीच सांगता ना, एका वेळी एकच गोष्ट बदलायची? मग इथे बदललंय काय? माणूस."

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग आईला म्हणाले, "द्वारका, हिला कोणी शिकवलं गं?"

"मी तर नाही," आई म्हणाली. "ताट उचल आधी, शास्त्रज्ञ."

शुक्रवारी सकाळी मी वही घेऊन पप्पांच्या मागे. नऊ वीसला इस्टेटचा जिना चढलो. लॅबच्या मागच्या दाराशी एक लांब पॅसेज आहे, तिथे चपला काढायच्या. पप्पा म्हणाले, "तू हो पुढे, मी आलो." मी आत गेले. पप्पा आठ मिनिटांनी आले. मी विचारलं कुठे होतात, तर म्हणाले, "अगं, माणसाला काही खाजगी असतं की नाही?" मी वहीत लिहिलं: नऊ वीस ते नऊ अठ्ठावीस, खाजगी.

मग हायड्रोजन उघडला, मशीन तापत ठेवलं, ज्योत पेटवली. ज्योत पेटली की बारीक "पक्" असा आवाज होतो, आणि पप्पा दर वेळी मान हलवतात, जणू तिने गुड मॉर्निंग म्हटलं. हेही लिहिलं.

साडेदहाला डोंगर. माझ्या डोळ्यांसमोर. रेघ अशी चढत गेली जसं दूध उतू जातं.

"अरे, आज तर मॅडम पण आल्यात," रोहितदादा मागून म्हणाला. "काय समीक्षा, इन्स्पेक्शन?"

"हो," मी म्हटलं. "मला तुझे तीन दिवसांचे प्रिंट दे. सोमवार, मंगळवार, बुधवार."

"बुधवारचा आहे ना धर्मेश सरांकडे."

"तिन्ही."

त्याने खांदे उडवले, पण काढून दिले. मी ते टेबलावर शेजारी शेजारी लावले, आणि पुढच्या क्षणी जवळजवळ ओरडलेच. सोमवारचा प्रिंट: डोंगर. अगदी पप्पांसारखा. मंगळवारचा: टेकडी. बुधवारचा: सपाट.

"रोहितदादा, हात तुझेच होते ना तिन्ही दिवस?"

"हो मग?"

"मग तुझ्या हातांनी सोमवारीच सरळ यायला पाहिजे होती! हे हातांनी नाही झालेलं. काहीतरी हळूहळू ओसरलंय. काहीतरी जे शनिवारनंतर घातलं गेलं नाही."

रोहितदादाने प्रिंट हातात घेतले. त्याचा चेहरा पडला असं नाही म्हणणार, पण जेल लावलेल्या केसांत त्याने हात घातला, जे तो कधीच करत नाही. "हे मी बघितलंच नाही," तो म्हणाला. "बुधवारचा आला आणि मी तोच घेऊन पळालो केबिनमध्ये."

 पप्पांनी पाना घेतला, नळी ज्योतीपासून सोडवली, तिथे बूच लावलं आणि ज्योत पुन्हा पेटवली. म्हणजे आता सॅम्पलकडून काहीच येणार नाही, ज्योत नुसती हायड्रोजन आणि हवा खाणार. डोंगर तसाच.

"म्हणजे नळी निर्दोष," पप्पा म्हणाले. "हायड्रोजनचा सिलिंडर गेल्या आठवड्यात बदलला, तरी डोंगर होताच. राहिली हवा."

"हवा कुठून येते?" मी विचारलं.

"कॉम्प्रेसरमधून. आधी इथेच होता कोपऱ्यात. सप्टेंबरात मागे पॅसेजमध्ये हलवला, भाईंना फोनवर ऐकू यायचं नाही त्याच्या आवाजाने. तो तिथली हवा ओढतो, टाकीत भरतो, टाकीतून इथे…"

आणि पप्पा थांबले. एकदम. तोंड उघडंच राहिलं.

मी वही बघितली. नऊ वीस ते नऊ अठ्ठावीस. मग मी कोणाला न विचारता पॅसेजकडे धावले.

पॅसेजच्या टोकाला भिंतीवर एकवीरा आईचा मोठा, पुढे झुकलेला फोटो आहे. पप्पांनीच लावलेला, मी लहान असल्यापासून. त्याच्याखाली एक फळी, फळीवर तांब्याची ताटली, ताटलीत काळी काळी काजळी. फोटोच्या मागे लपवलेली कापराची डबी, मोठी, दुकानात देवळांना देतात ती. आणि फळीच्या खाली, अगदी खाली, घुंईं करत कॉम्प्रेसर. त्याचं हवा ओढायचं तोंड वरच्या बाजूला, फळीकडे. आईच्या पायाशी बसून कापूर हुंगतोय जणू.

पप्पा मागे येऊन उभे राहिले.

"किती वड्या लावता?" मी विचारलं.

"पहिल्यांदा एक लावायचो."

"आणि आता?"

"ती जास्त बिघडली तेव्हा दोन केल्या. मग पाच." ते भिंतीकडे बघून बोलत होते. "आता सात. म्हटलं, आईने मनावर घेतलं तर… आत लावला नाही गं कधी. आत हायड्रोजन असतो. नियम म्हणजे नियम, काडी दाराबाहेरच ओढायची. म्हणून इथे."

म्हणजे बघा. मशीन थोडं बिघडलं, पप्पांनी कापूर लावला. कापराच्या वासाने मशीन आणखी बिघडलं, पप्पांनी आणखी कापूर लावला. पहिल्यांदा बिघडलं तेही त्या एका वडीनेच, कॉम्प्रेसर इथे आल्यावर; नोव्हेंबरपर्यंत फिल्टरने कापूर अडवला, मग तोही भरला. मला हसू येत होतं आणि रडूही, दोन्ही एकदम. मी पप्पांना मिठी मारली. त्यांच्या शर्टालाही कापराचाच वास होता, रोजचा, इतका रोजचा की आमच्यापैकी कोणालाही तो कधी आलाच नव्हता.

"पप्पा, तुमचे हात एकदम बरोबर आहेत!"

"हळू बोल," ते म्हणाले. "हे बघ, बाय. कळलं ना? झालं. उद्यापासून कापूर बंद. रेघ सरळ होईल. कोणाला काही सांगायची गरज न्हाय."

"असं कसं? रेघ सरळ होईल सोमवारी. सोमवारी मशीनवर कोण बसणार? रोहितदादा. सगळे म्हणतील, बघा, रोहित बसला आणि सरळ झाली."

त्यांनी ताटली उचलून रुमालाने पुसली.

"तुम्ही कायमचे स्कूटरवर, पप्पा."

"आणि सांगितलं तर?" त्यांचा आवाज खाली गेला. "एकवीस वर्षं मी त्या पोरांना सांगत आलो, हवेत बोलू नका, पुरावा आणा. रोहितला किती वेळा बोललोय. आणि मी काय करत होतो? मशीनला आरती. हसतील गं ते. तू नको सांगूस. मला शब्द दे."

मी शब्द दिला. खूप जड गेलं, पण दिला. ती गोष्ट त्यांची होती.

शुक्रवारी दुपारभर आम्ही दोघांनी काम केलं, बाकी कोणाला काही न बोलता. पप्पांनी हवेच्या लाइनवरचा कोळशाचा फिल्टर काढून सरळ नळी जोडली, कारण कापूर पिऊन तट्ट झालेला तो फिल्टर उलट वासच सोडत बसला असता. मी कॉम्प्रेसरची टाकी तीनदा रिकामी केली. फुस्स करून हवा सुटायची आणि बाटल्या धुणाऱ्या शेवंतीमावशी पलीकडून ओरडायच्या, "अगं पोरी, काय स्फोट करतेस की काय? माझं लग्न व्हायचंय अजून!" मावशींना दोन नाती आहेत. मी पॅसेजच्या खिडक्या उघडल्या. चार वाजता रेघ उतरायला लागली. पाच वाजता ती आडवी झाली, सरळसोट. पप्पा तिच्याकडे बघत बसले. घरी जाताना ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही नाही. हा माझ्या आयुष्यातला विक्रम असावा.

शनिवारी मी पुन्हा गेले. मला वाटलं होतं, शेवटचा दिवस म्हणून पप्पा मशीन पुसतील, किल्ल्या रोहितदादाला देतील. त्यांनी कोट घातला, ज्योत पेटवली, साडेदहापर्यंत रेघ सरळ आहे हे बघितलं आणि धर्मेशभाईंच्या केबिनचं दार वाजवलं.

"भाई, पाच मिनिटं बाहेर या. रोहित, तू पण ये. मावशी, तुम्ही पण."

"मी कशाला? माझ्या बाटल्या…"

"या हो."

सगळे मशीनसमोर. पप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते म्हणाले, "ही रेघ बघा. काल पाचपासून अशी आहे. मीच चालवलंय मशीन, याच हातांनी. आता मी एकच गोष्ट बदलतो. मागे चला."

आणि पॅसेजमध्ये जाऊन, सगळ्यांसमोर, त्यांनी फोटोमागून ती डबी काढली. सात वड्या मोजून ताटलीत ठेवल्या. काडी ओढताना त्यांचे कान लाल झाले होते. कापूर भडकला, काळा धूर वर गेला, वास खाली बसला. कॉम्प्रेसर घुंईं करत होता.

शेवंतीमावशींनी सवयीने हात जोडले. मग काय चाललंय ते न कळून एक डोळा उघडून बघितलं.

"ए कसली पूजा छे?" धर्मेशभाई म्हणाले.

"पूजा नाही भाई, पुरावा आहे. आत चला. मध्ये आता फिल्टर नाही, वीस मिनिटंच लागतील."

ती वीस मिनिटं! रेघ सरळ. रेघ सरळ. धर्मेशभाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. अठराव्या मिनिटाला मला वाटलं आपलं चुकलंय, आता काय, पप्पांनी सगळ्यांसमोर उगाच… आणि मग रेघेचं टोक जरासं उचललं गेलं. जरासंच. मग आणखी. मग दूध उतू जावं तसा तो डोंगर, तोच, नोव्हेंबरपासूनचा.

"आयला," रोहितदादा म्हणाला. त्याने आधी पॅसेजच्या दाराकडे बघितलं, मग मशीनकडे, मग पप्पांकडे. "काका… तुम्ही रोज?"

"रोज," पप्पा म्हणाले. "तीन दिवस तारोडीला होतो, तेव्हा सोडून. चूक माझी आहे. ती हातांची नाही, एवढंच दाखवायचं होतं. हसायचं तर हसून घ्या."

कोणी हसलं नाही. म्हणजे मावशी हसल्या, पण त्या वेगळ्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बायकोसाठी कधी एवढा कापूर जाळलात का हो, महिपतभाऊ?" मग मात्र सगळेच हसले. पप्पासुद्धा. रोहितदादा हसता हसता खाली बघत म्हणाला, "काका, मी सोमवारचा प्रिंट दाखवायला पाहिजे होता सरांना. सॉरी." पप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, जरा जोरातच.

धर्मेशभाई नव्हते हसत. ते पॅसेजमध्ये जाऊन फोटोसमोर उभे होते. आम्हाला वाटलं आता ओरडणार. दोन महिने सॅम्पल परत गेली होती. त्यांनी फोटो बघितला, मग कॉम्प्रेसर, मग पुन्हा फोटो.

"माताजीचा फोटो काढायचा नाही," ते म्हणाले.

"काढतो ना भाई, मी घरी नेतो…"

"अरे, सांगतो ना, नाही काढायचा. बसलेल्या देवाला उठवायचं नाही. कॉम्प्रेसर उठवा. आत न्या परत, होता तिथे."

"तुमचा फोन?"

"फोन मैं इधर आके करूंगा. माताजी के सामने." मग जरा थांबून, "कस्टमरला शिव्या कमी देईन."

तोपर्यंत मी मशीनसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले होते, उतरणारी रेघ जवळून बघायला. कापूर विझला होता, टाकी रिकामी केली होती. मागून धर्मेशभाईंचा आवाज आला, "महिपतभाई, सोमवारी तेलाचे बारा सॅम्पल आहेत. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट पाहिजे."

"स्कूटर?" पप्पांनी विचारलं.

"स्कूटर रोहित चलाएगा. जवान आहे. हेल्मेटने त्याचे केस पण बसतील."

 पप्पा माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि खुर्चीच्या पाठीवर त्यांनी बोटांनी टकटक केली.

"ऊठ, बाय," ते म्हणाले. "मला बसू दे."